वाळू, काच आणि उमेदवार

कार्य कारणात आधीपासूनच असते असे सांख्य म्हणतात, आणि तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही, हा दाखला देतात. नैयायिकांच्या मते मात्र घट मातीत नव्हताच, तो नव्याने उत्पन्न झाला. रिकाम्या हुद्द्यावर बाहेरचा वाकबगार माणूस नेमावा की पदरच्या माणसास शिकवून वर आणावे, या विवंचनेत पडलेल्या कारखानदाराच्या दारी, त्यास ठाऊक नसले तरी, हाच जुना वाद येऊन उभा राहतो. कारण आज जे दिसत नाही ते या माणसात आहे, अशी श्रद्धा असल्यावाचून त्याच्या शिक्षणावर दमडीही कोण खर्चील?

मावळाने हा वाद भट्टीपाशी नेऊन पाहिला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे एकेक पैसा मागून उभारलेल्या आणि लोकमान्यांचा पाठिंबा लाभलेल्या पैसाफंडाने १९०८ साली तळेगावास काचकारखाना काढला, तेव्हा जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना त्याने बाहेरून आणले. परंतु ते माल काढण्यापुरते नव्हे, तर विद्यार्थी तयार करण्यासाठीही, आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पांगली. ज्या वाळूतून तेल निघत नाही, तिच्यातून काच निघते; मात्र त्यासाठी अग्नी लागतो, आणि तो वाळूजवळ नसतो. बाहेरच्या जाणकाराचे स्थान मला या अग्नीचे वाटते: तो निमित्तकारण, उपादान येथलेच. लोणावळ्यास १९४५ पासून आरमाराचे 'शिवाजी' केंद्र नौसैनिकांना यंत्रविद्या शिकवीत आले आहे, तेही याच श्रद्धेने.

आपल्या भाषेत नोकरी मागणारा तो उमेदवार, आणि पदरी राहून काम शिकणे ती उमेदवारी; हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, याचे मला फार मोल वाटते.

शिकवलेला माणूस निघून जाईल, ही धास्ती खोटी नाही. दहा माणसांच्या कारखान्यास असा एकच धक्का पुरे होतो, म्हणून त्याने तयार माणूस शोधला तर मी त्यास दोष देणार नाही. पण मोठ्या भांडवलाच्या कारखान्याने हीच सबब पुढे करावी, हे मला पटत नाही. पैसाफंडाचा पैसा गावोगावचा होता. तळेगावचा विद्यार्थी परमुलखात जाऊन भट्टी पेटवी, तेव्हा फंडाच्या जमाखर्चात ती रक्कम बुडीत म्हणून कशी लिहावी?