प्रिटी की ब्युटिफुल?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने विचारले, "फादर, प्रिटी आणि ब्युटिफुल यांत फरक काय?" मी म्हणालो, "दुसरा शब्द जरा मोठा, एवढेच." घाईत दिलेले उत्तर, आणि चुकीचे.

'प्रिटी'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता धूर्त, कावेबाज! पुढे तो 'गोड', 'देखणा' इथवर आला. 'ब्युटिफुल'चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचे नाते 'चांगला' या अर्थाच्या शब्दाशी आहे. ग्रीकमध्ये तर 'कालोस' हा एकच शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो. योहानाच्या शुभवर्तमानात (१०:११) येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. सुंदर मेंढपाळ असेही म्हणता येईल.

देखणेपण डोळ्यांना चटकन कळते. त्यात वाईट काही नाही. लग्नाच्या फोटोत ते हवेच. पण संत थॉमस अक्वायनस सौंदर्यासाठी पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज मागतात. मग आजाराने खंगलेल्या देहाचे काय?

मागे एका घरी आजारी बाईंना कम्युनियन द्यायला गेलो होतो. त्यांच्या यजमानांनी त्यांचे केस विंचरले, पदर नीट केला आणि मला विचारले, "आज सुंदर दिसते ना, फादर?" मी मान डोलावली, म्हाताऱ्याचे मन राखायला म्हणून. रस्त्यात लक्षात आले, ते मनापासून बोलत होते. त्यांना ती बाई पूर्ण दिसत होती. मला फक्त आजार दिसला.

त्या मुलीला उत्तर द्यायचे अजून राहिले आहे.

आपला,
धर्मगुरू