पावती हरवली, शब्द नको हरवायला



रत्नागिरीच्या राम आळीतून कुर्ता घेतला. पहिल्याच धुण्यात खांद्याची शिवण उसवली. पावती सापडेना. मनात आलं, 'धुतलाच नाही' असं ठोकून देऊ, नाहीतर कोण ऐकणार?

आजचं चिंतन: गीता, अध्याय १७, श्लोक १५. सत्य, प्रिय, हितकर आणि कुणाला न दुखावणारं बोलणं, हे वाणीचं तप.

मागणं तर हक्काचंच होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावतीवर मुदत नसेल, तर ३० दिवसांत सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण हक्क खरा म्हणून त्यासाठी बोललेलं खोटं खरं होतं का?

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ते कागद सोडणारे, आपण मागणारे. मागणाऱ्याकडे कागद नसेल, तर त्याचा शब्द हाच कागद. तोच खोटा कसा द्यायचा?

"काका, एकदा धुतलाय. पावती नाहीये." सांगून टाकलं. पैसे नाही मिळाले. शिवण मात्र त्यांनी घालून दिली. थोडं वाईट वाटलं, पण झोप शांत लागली.

आज तुम्हाला कुठलं खोटं सोयीचं वाटतंय?

राम कृष्ण हरी 🙏