मेलेल्याचा न्याय आणि जिवंताचे ऋण

एखाद्या घरात कोणी स्वतःचा जीव घेतला म्हणजे मंडळीत पहिला वाद कशाविषयी होतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. मयतास ख्रिस्ती रीतीने पुरावे की नाही? त्याचा विश्वास खरा होता काय? जीव देवाचा आहे, तो घेण्याचा अधिकार मनुष्यास नाही, हे आम्हीही मानितो. परंतु न्याय ज्याचा आहे त्याजकडे तो सोपवावा. आमच्यावर ऋण आहे ते जिवंताचे.

नामपूरचाच विचार करू. मोसम नदीकाठचा हा मुलूख कांद्यावर व डाळिंबावर जगतो. डाळिंबावर तेल्या पडला की बाग हातची जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव कोसळले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातही बंद झाली. अशा समयी सोसायटीचे कर्ज व मुलीचे लग्न एकाच माणसाच्या उरावर बसते. तथापि कर्ज हेच एक कारण समजणे चूक होय. दारू, घरातील छळ, दीर्घ दुखणे, परीक्षेतील अपयश, मनाचा रोग, ही एकमेकांत गुंतलेली असतात. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता.

कित्येक उपदेशक बंधू म्हणतात, “असे विचारले तर नसता विचार त्याच्या मनात भरेल.” हे भय निराधार आहे. जो आतून पोखरला गेला आहे, त्यास कोणी मायेने व सरळ विचारिले तर बहुधा त्याचे ओझे हलके होते. “भाऊ, जगणे नको असे मनात येते काय?” एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. आपण बहुधा उलटे करितो. एक वचन सांगतो, प्रार्थना करितो आणि चहा न घेता निघतो. आम्हीही हे केले आहे.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा दूताने त्यास दोष दिला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा जेवू घातले. प्रश्न विचारणे झाले ते पुढे, होरेबावर.

ती घोर वेळ पुष्कळदा थोडी असते व टळते. म्हणून त्या माणसास एकटे सोडू नये, आणि फवारणीचे औषध घरातून काढून शेजाऱ्याकडे कुलुपात ठेवावे. श्रीलंकेत अति विषारी औषधांवर बंदी आल्यावर दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळच उतरले. पिके मात्र बुडाली नाहीत.

१८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम अशा प्रयत्नास गुन्हा म्हणत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा मनुष्य भारी ताणाखाली होता असे धरून चालावे असे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते सरसकट कलम उरले नाही. कायद्याचे मन मऊ झाले. मंडळीतील जिभांचे अजून व्हावयाचे आहे. जो वाचून परत आला, त्याच्या पाठीमागे आजही कुजबूज चालते.

सरकारचा ‘टेलिमानस’ हा फोन १४४१६ या अंकावर रात्रंदिवस, फुकट व मराठीत मिळतो. तो अंक देवळाच्या दारावर लिहावा. आणि ज्या घरी असे मरण घडले आहे, तेथे दहाव्या दिवसानंतरही कोणी तरी भाकरी घेऊन जावे, त्या बाईस “का केले त्याने?” असे विचारू नये.