तबकडीचं सोवळं

'डीजे' हा शब्द महाराष्ट्रात आला आणि थेट ट्रकवर चढला. बाकीच्या जगात डीजे म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे स्पीकरांची भिंत. 'डीजे आला' असं कुणी म्हटलं की कुणी गृहस्थ आले आहेत असं आपल्या मनातही येत नाही. खिडकीची तावदानं हलायला लागली आणि कपाटातल्या कपबशा एकमेकींशी बोलायला लागल्या की समजावं, डीजे आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिलेली आहे. ती त्या भिंतीला कुणी वाचून दाखवली नसावी. दाखवली असली तरी ऐकू गेली नसणार.

त्यामुळे माझ्या पुतण्याने 'मला डीजे व्हायचंय' असं जाहीर केलं, तेव्हा वहिनींचा मला फोन आला तो साधारण 'मुलगा हिमालयात निघालाय' अशा सुरात.

"भाऊजी, तुम्ही जरा समजवा हो त्याला. हिंजवडीत चांगली नोकरी आहे. आणि आता ट्रकवर चढणार म्हणतोय."

चिरंजीव ट्रकवर चढणार नव्हते. शनिवार-रविवारी, मित्रांच्या घरी, फार तर कुणाच्या लग्नाच्या आदल्या रात्री गाणी वाजवायची, एवढाच बेत होता. अडचण निराळीच होती. तबकड्यांची टर्नटेबलं घ्यायची की डिजिटल कंट्रोलर, हे ठरत नव्हतं. बरं, प्रश्न नुसता पैशांचा असता तर त्याने तो कॉम्प्युटरवर तक्ता मांडून सोडवला असता. पण त्याच्या दोन मित्रांनी त्यात पापपुण्य आणलं होतं. आणि घरात पापपुण्याचा विषय निघाला की रिटायर्ड माणसाकडे यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे.

आधी पैशांचं सांगतो, कारण तेवढाच भाग सोपा आहे. तबकड्यांच्या मार्गाने जायचं तर टर्नटेबलं दोन लागतात. एकच असेल तर पुढची तबकडी लावेपर्यंत नाचणारे लोक घरी जातात. दोहोंच्या मधे मिक्सर लागतो, चटणीचा नव्हे. शिवाय सुया, शिवाय तबकड्या. या क्षेत्रातली काशी म्हणजे टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल. ते १९७२ साली निघालं, कंपनीने २०१० साली बंद केलं आणि भक्तांनी इतका आक्रोश केला की २०१६ साली ते पुन्हा प्रकट झालं. त्याच्या एका नगाची किंमत अमेरिकेतच हजार डॉलरच्या पुढे आहे. उलट, शिकाऊ माणसाचा डिजिटल कंट्रोलर तीनशे डॉलरच्या आसपास येतो. लॅपटॉपला जोडला की झालं. त्या डब्यावर तबकडीसारखी दोन गोल चक्रं असतात. पण त्यांच्यावर काही ठेवायचं नसतं, नुसतीच फिरवायची. लहान मुलांच्या भातुकलीत स्टोव्ह असतो ना, तसं.

मधला मार्ग म्हणजे स्वस्तातलं टर्नटेबल. पण तिथे एक ग्यानबाची मेख आहे. काही टर्नटेबलांत मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. हे पट्ट्याचं यंत्र घरी पाय पसरून ऐकायला उत्तम. पण डीजेला थाळीवरची तबकडी हाताने धरायची असते, मागे फिरवायची असते, सोडायची असते. पट्ट्याला ही दांडगाई सोसत नाही. तो ताणतो, घसरतो, आणि पुन्हा वेगात यायला सरकारी कचेरीइतका वेळ लावतो. म्हणून डीजेला मोटरवरच बसवलेली थाळी लागते, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. जपानच्या मात्सुशिताने १९७० साली तसं पहिलं यंत्र बाजारात आणलं. आज ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६० स्वस्त आहे, पण पट्ट्याचं. त्यांचंच एलपी-१२० थोडं महाग, पण थेट मोटरचं. दोन्ही एकाच दुकानात असतात आणि फोटोत सख्खी भावंडं दिसतात. एवढी एक गोष्ट नीट पाहिली तर निम्मे पैसे वाचतात. उरलेले निम्मे सुयांत जातात.

आता पापपुण्य. कंट्रोलरवर 'सिंक' नावाचं एक बटण असतं. सगळा कलह त्या बटणाचा. समजा, एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि दुसरं १२४ ठोक्यांचं. पहिलं संपता संपता दुसरं असं सुरू व्हायला हवं की नाचणाऱ्याच्या पायाला पत्ता लागू नये. तबकडीवाला हे हाताने करतो. एका कानाला हेडफोन लावून येणारं गाणं ऐकतो, दुसऱ्या कानाने चालू गाणं ऐकतो, आणि वेग कमीजास्त करायच्या दांडीने दोन्ही ठोके एकावर एक आणून बसवतो. हे जमायला काही महिने जातात. 'सिंक'चं बटण दाबलं की तेच काम क्षणात होतं.

पहिला मित्र म्हणाला, बटण दाबणं ही फसवणूक आहे. दुसरा म्हणाला, मग तू मुंबईला चालत जातोस का?

पहिल्या पक्षाला मी मनातल्या मनात सोवळ्यातली मंडळी असं नाव दिलं. मिक्सरमधल्या पुरणाला पाट्यावरची चव नाही म्हणणारे आणि स्वतः कधी पाट्याला हात न लावलेले लोक असतात, त्यांचे हे सख्खे भाचे. यांचं म्हणणं, तबकडी खरी, डिजिटल खोटं. तबकडीत आवाज अखंड असतो. डिजिटलमध्ये त्याचे तुकडे केलेले असतात. आता तुकडे करतात हे खरं आहे. सीडीवर एका सेकंदाचे ४४,१०० करतात. त्यातून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता परत उभा करता येतो, आणि त्याहून वरचं माणसाला ऐकू येत नाही. माझ्या वयाच्या माणसाला तर त्याच्या बरंच खालचंही येत नाही. बरं, तबकडीत तरी गाणं जसंच्या तसं असतं का? नसतं. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एका बाजूला थोडीच गाणी मावतील. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तार स्वर उचलतात, आणि वाजवताना ॲम्प्लिफायरमध्ये हा सगळा उपद्व्याप उलटा करून घेतात. म्हणजे सोवळ्यातलं गाणंसुद्धा वाटेत एकदा कपडे बदलून आलेलं असतं.

२०२२ साली अमेरिकेत या सोवळ्याची मोठीच पंचाईत झाली. मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी जुन्या मूळ टेपवरून महागड्या तबकड्या काढते. डिजिटलचा विटाळ नसलेल्या म्हणून रसिक त्या दामदुप्पट देऊन घेत. त्या वर्षी कळलं की यांतल्या कित्येक तबकड्यांच्या वाटेत एक डिजिटल टप्पा होता आणि तो बरीच वर्षं होता. मोठा गहजब झाला, मामला कोर्टात गेला. मला मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हे बिंग कुणाच्या कानाने फोडलं नाही. विचारपूस केल्यावर कंपनीच्या लोकांकडूनच कळलं. तोवर तेच रसिक त्याच तबकड्या लावून, डोळे मिटून, 'वा, काय ऊब आहे!' म्हणत होते.

म्हणून मी पुतण्याला म्हटलं, "अरे, पाप त्या डिजिटल टप्प्यात नव्हतं. पाप वेष्टणावर होतं."

"म्हणजे सिंक दाबलं तरी चालेल?"

"पंढरपूरला आळंदीहून चालत जाणारे आहेत आणि एसटीने जाणारेही आहेत. विठोबा कुणाचं तिकीट तपासत नाही. पण एसटीने जाऊन 'पायी आलो' म्हणून पाय चेपून घेणारा असेल, तर त्याचं काय करायचं?"

"पण काका, नाचणाऱ्यांना मी काहीच सांगत नाही. चालत आलो का बसने, ते विचारतच नाहीत."

हा मुद्दा माझ्या उदाहरणात बसत नव्हता. न सांगणं म्हणजे खोटं सांगणं का, यावर युधिष्ठिराच्या काळापासून वाद चालू आहे आणि हिंजवडीच्या बसस्टॉपवर तो मिटेल अशी लक्षणं नाहीत. पण मला आपलं वाटतं की नाचणाऱ्याला कुणी फसवत नाही. त्याने पैसे ठोक्याचे दिलेले असतात, घामाचे नव्हे. बटणाचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या बाजूचा नाहीच. तो वाजवणाऱ्याच्या कानाचा आहे. तुमच्या वहिनी, आई, मावशी, कुणालाही फोनवर बोलताना बघा. एक कान समोरच्याच्या गाऱ्हाण्यात असतो आणि दुसरा कुकरच्या शिट्ट्या मोजतो. तीन झाल्या की बोलणं न तोडता गॅस बंद. हा कान जन्मतः येत नाही. करपलेल्या डाळीतून येतो. तबकडीवाल्याला दोन गाणी एकदम ऐकण्याची सवय जडते ती अशीच, चारचौघांत दोन ठोके एकमेकांवर आपटून. कष्टांत पुण्य आहे असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर गाढव केव्हाच वैकुंठाला गेलं असतं. पण काही कष्ट कान देऊन जातात. तो कान आला की खुशाल बटण दाबावं आणि रिकाम्या झालेल्या हाताने काहीतरी बरं करावं.

सोवळ्यातल्या मित्राला हे पटलं नाही. तो म्हणाला, परंपरा म्हणून काही आहे की नाही? आहे ना. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन थाळ्यांवर ठेवून तो तोच तुकडा लांबवू लागला. आणि प्रतिस्पर्ध्यांना गाणं कळू नये म्हणून तबकड्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. आपल्याकडचे जुने खाँसाहेब अंतरा गाळून चीज शिकवायचे, त्यातलंच हे. पुढे १९७५च्या सुमारास ग्रँड विझार्ड थिओडोर नावाच्या पोराने चालती तबकडी हाताने पुढेमागे घासायची युक्ती काढली. तो स्वतः सांगतो की आई दारात येऊन ओरडायला लागली म्हणून त्याने तबकडी हाताने धरली होती. म्हणजे ही थोर परंपरा सुरू कशी झाली, तर घरी बसून शांतपणे ऐकण्यासाठी केलेल्या यंत्रावर, जे करू नका म्हणून सांगतात नेमकं तेच करून.

तबकडीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम. तो दादाचा. दादा म्हणजे पुतण्याचे वडील. तबकडी फक्त कडेने आणि मधल्या लेबलाला धरायची, खाचांना बोट लागता कामा नये. नोकरी लागल्यावर दर महिन्याला एक या हिशेबाने त्याने त्या जमवल्या. नाट्यसंगीत, भावगीतं, हिंदी सिनेमाची गाणी. प्रत्येक वेष्टणाच्या मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. दादा जाऊन आठ वर्षं झाली. प्लेअर त्याच्याही आधी गेला. तबकड्या वहिनींच्या दिवाणाखाली आहेत.

आणि पुतण्याचा खरा प्रश्न त्या दिवाणाखाली होता. त्याला टर्नटेबल हवं होतं ते याच तबकड्या वाजवायला. नुसत्या ऐकायला नव्हे, हात लावून वाजवायला. आता सुई जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा खाच थोडी झिजते. डीजेची सुई तर साधारण तीन ग्रॅम वजनाने दाबलेली, ऐकणाऱ्याच्या सुईच्या जवळजवळ दुप्पट. एकाच जागी पुढेमागे घासलं की तिथे कायमची खरखर बसते. फाइल लाख वेळा वाजवा, ती तशीच राहते. पण फाइलच्या मागे तारीख लिहिता येत नाही.

वडिलांची वस्तू वापरून संपवावी की न वापरता जपावी? दिवाणाखाली आठ वर्षं गप्प बसलेल्या तबकडीला गाणं म्हणायचं की ताटली? मला वाजवून संपवणं जास्त बरं वाटत होतं. पण दादाने मला तबकडीला बोट लावू दिलं नव्हतं, तो मुलाला घासू देईल का, हे मला सांगता येईना.

तोडगा शेवटी त्या मुलांच्याच विद्येतून निघाला. एक विशेष तबकडी मिळते. तिच्यात गाणं नसतंच, नुसती एक खुणेची शीळ असते. ती टर्नटेबलवर लावायची. सुई ती शीळ वाचते आणि लॅपटॉपला सांगते, हात कुठे आहे, कोणत्या वेगाने फिरतोय. गाणं लॅपटॉपमधून, हाताबरहुकूम. गाणं निर्गुण, तबकडी सगुण! सेराटो कंपनीची ही सोय २००४ पासून आहे. आपल्याला ती त्याआधी काही शतकं ठाऊक होती. निर्गुणाला हात लावता येत नाही म्हणून आपण मूर्ती करतो आणि मूर्तीच्या अंगावर खुशाल घागरभर पाणी ओततो.

तेव्हा ठरलं ते असं. थेट मोटरचं एकच टर्नटेबल घ्यायचं, वापरलेलं पण धडधाकट. सुया दोन घ्यायच्या, एक हलकी ऐकायची, एक घासायची. दादाच्या तबकड्या हलक्या सुईने एकदाच वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायच्या आणि मग घासायचं ते शिळेच्या तबकडीवर. सोवळ्यातला मित्र म्हणाला, ही तडजोड आहे. आहेच.

गेल्या रविवारी पहिली तबकडी उतरवली. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध एक चरा आहे. तिथे 'टक्' होतं, आणि आमच्या घरात ते गाणं सगळे त्या 'टक्'सकट गुणगुणतात. पुतण्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ही टकटक काढून टाकायचंही एक बटण असतं.

"काका, दाबू?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या मेथी निवडत होत्या.

"दाब की," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. तुझे बाबा दर वेळी 'च्च' करायचे."

"मग राहू दे ना, आई."

"तुला राहू द्यायचं तर तुझ्यापुरतं ठेव. मला साफ करून दे."

आता त्या गाण्याच्या दोन फाइली आहेत.