गरज आणि हाव : पहिल्या शीलाचा आजचा अर्थ



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. परंतु वर्षावासाची ही प्रथा मुळात कशी पडली, याचा विचार आपण कधी केला आहे काय? विनयपिटकात त्याचे कारण दिले आहे. पूर्वी भिक्खू पावसाळ्यातही गावोगाव चारिका करीत. लोक तक्रार करू लागले की, हे श्रमण कोवळे हिरवे गवत तुडवितात, पायाखाली बारीकसारीक जीव चिरडतात. तथागतांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. हा नियम कोणा देवाने सांगितला नाही. लोकांच्या रास्त तक्रारीतून तो निर्माण झाला. पावसाळा हा सृष्टीच्या प्रसूतीचा काळ आहे, त्या काळात पाऊल जपून टाकावे, एवढीच त्यामागची समज होती.

आता आपल्या माण तालुक्याकडे पाहा. म्हसवडचा मुलूख दुष्काळी. माणगंगा वर्षातले बहुतेक महिने कोरडी. पण पहिला दमदार पाऊस पडला, डबकी भरली, की त्याच रात्री मोठे बेडूक ओरडू लागतात. इतके दिवस ते जमिनीत दडून होते. पाऊस होताच नराचा रंग पिवळाजर्द होतो, तो ओरडून मादीला बोलावतो, आणि मादी एका वेळी हजारो अंडी घालते. हा आवाज आणि हा रंग म्हणजे त्यांचे लग्नाचे वाजंत्री. आणि नेमकी हीच शिकाऱ्याची खूण ठरते. हातात बत्ती घेऊन आवाजाच्या रोखाने गेले की बेडूक सापडतो. त्या एका रात्री पोते भरले, तर पुढच्या वर्षीचे बेडूकही त्याच पोत्यात गेले.

ही कल्पना नव्हे, इतिहास आहे. १९५० नंतरच्या दशकांत आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होऊ लागली. फ्रान्स, अमेरिका यांसारख्या देशांतील उपाहारगृहांत त्या चवीने खाल्ल्या जात. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली होती. हे बेडूक कोणी पाळलेले नव्हते. शेतांतून, खाचरांतून, तळ्यांतून ते गोळा केले जात. पाय तोडून घ्यायचे आणि उरलेले धड फेकून द्यायचे, असा तो धंदा होता. त्या काळी जाणत्या लोकांनी एक साधा हिशोब मांडला : तंगड्या विकून जे परकीय चलन मिळते, ते बेडकांचे काम करण्यासाठी लागणाऱ्या कीटकनाशकांवर खर्च होते. १९८५ साली आपल्या मोठ्या बेडकाचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आले आणि १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. व्यापारी मात्र थांबले नाहीत. त्यांनी इंडोनेशियाची वाट धरली. आपल्याकडेही गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' या नावाने बेडूक चोरून विकला जातो. तो कायद्याने गुन्हा आहे, तरीही खाणारा आहे म्हणून पकडणारा आहे.

येथे काही बंधू रागाने विचारतील, "गुरुजी, आता बेडकाचीही कणव करायची काय? आमच्या आज्या-पणज्यांच्या पोटात अन्न नव्हते, तेव्हा आमची कणव कोणी केली?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे भरल्या पोटी उपदेश करणे होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अहिंसेचा अर्थ फार काळजीपूर्वक उलगडला आहे. गरजेपोटी मारणे आणि केवळ मारण्याच्या इच्छेने मारणे यांत तथागतांनी फरक केला होता, असे ते दाखवून देतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते, आणि म्हणूनच विचार करण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकते. तेव्हा पहिले शील घेताना आपण स्वतःला विचारावे : येथे गरज आहे काय? कोणाची? आणि किती?

ही कसोटी बेडकाच्या धंद्याला लावून पाहा. दूरदेशीच्या ताटातली ती तंगडी कोणाच्या भुकेची गरज होती? पकडणाऱ्याला मिळाली रात्रीची मजुरी. नफा गेला निर्यातदाराकडे. नुकसान मात्र गावात राहिले. बेडूक शेतातले किडे खातो. त्याची पिल्ले डबक्यातल्या डासांच्या अळ्या फस्त करतात. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका आणि पनामा या देशांत एका बुरशीच्या रोगाने बेडूक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. त्यानंतर तेथे हिवतापाचे रुग्ण वाढले, असे संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. बेडूक रोगाने मेले काय आणि पोत्यात गेले काय, डासाला दोन्ही सारखेच.

आणि शेतातले किडे वाढले की औषध मारावे लागते. तो पंप पाठीवर कोण घेतो? शेताचा मालक क्वचितच घेतो, बहुधा रोजंदारीवरचा मजूर घेतो, आणि त्या मजुरांत आपली माणसे किती, हे मी सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बेडूक गेले म्हणूनच हे घडले, असे मी म्हणत नाही. पण निसर्गातला राखणदार गेला की त्याच्या जागी विष येते, आणि ते विष प्रथम गरिबाच्या श्वासात जाते, हे समजायला मोठी विद्या लागत नाही. म्हणून बेडकाची कणव ही अखेर आपल्याच लेकराबाळांची कणव आहे.

आता गरज खरी असेल तर काय? त्यासाठी आपल्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला. महाबळेश्वर आणि कोयनेच्या डोंगरात, तसेच खाली सिंधुदुर्गापर्यंत नरक्या नावाचे झाड आहे. घाण वासाचे म्हणून नरक्या. पण त्यालाच काही जण अमृता म्हणतात. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसीन हे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखविले. त्यापासून तयार केलेली औषधे १९९६ पासून अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जात आहेत. म्हणजे येथे गरज आहे, आणि ती जीव वाचविण्याची आहे. परंतु मागणी वाढताच सह्याद्रीत नरक्याची लूट सुरू झाली. खोड तोडले, मुळे उपटली, पोती भरली. बुंधा राखला तर या झाडाला पुन्हा फुटवे येतात. मुळासकट उपटले की सगळेच संपते. उद्याच्या रोग्याचे औषध आजच्या व्यापाऱ्याने उपटून नेले. गरज होती, पण माप राहिले नाही. आणि माप सुटले की गरजेची हाव होते.

येथे जीवकाची कथा आठवावी. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले की, नगराभोवती योजनभर फिर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पूर्ण झाले. हाच जीवक पुढे भगवंतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. ज्या झाडाला जग नरक म्हणते, त्यात अमृत असू शकते. म्हणून ज्याचा उपयोग आपल्याला अजून कळलेला नाही, ते नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला नाही. माणसामाणसांत हलके-भारी ठरविणाऱ्या व्यवस्थेने आपल्याला नरक्या ठरविले होते. हे सत्य आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

कोणी म्हणेल, कोयनेच्या झाडाशी म्हसवडचा काय संबंध? उरमोडी धरणाचे पाणी उपसून माण तालुक्यात येते. ते धरण सह्याद्रीच्या कुशीत आहे. डोंगर उघडा पडला तर आपली घागरही कोरडी पडेल.

तर मग करावे काय? केवळ मैत्रीभावनेचे पाठ म्हणून भागणार नाही. राज्यघटनेच्या ५१-क या कलमात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. वने आणि वन्य जीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे त्यांतील एक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता समिती असावी, असे ठरविले आहे. गावातल्या झाडापाल्याची, जीवजंतूंची नोंद ठेवणे आणि त्यांतून होणाऱ्या फायद्याचा वाटा गावाला मिळवून देणे हे या समितीचे काम. आपल्या गावची समिती कागदावर आहे की कामावर, हे विचारा. तिच्यात जागा मागा. औषधी पाला कोणता आणि बेडूक कोठे निघतो, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. ते ज्ञान नोंदवहीत चढू द्या, नाहीतर नोंद दुसऱ्याच्या नावावर होईल.

आणि जो गरीब माणूस चार पैशांसाठी रात्री पोते घेऊन निघतो, त्याला पापी म्हणू नका. त्याला दुसरे काम मिळावे म्हणून त्याच्या बाजूने उभे राहा. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, आणि ती मिळवून देणे हे संघाचेही काम आहे. दोष विचारायचाच असेल तर विकत घेणाऱ्याला आणि मधल्या दलालाला विचारा.

या वर्षावासात पंचशील ग्रहण करताना पहिल्या शीलापाशी क्षणभर थांबा. बाहेर डबक्यात बेडूक ओरडत असतील. त्यांना ओरडू द्या.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!