आवाहन छापण्याआधी

लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट महाराष्ट्रात निधी गोळा करण्याच्या कितीतरी सभांमध्ये सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले इथे सुरू केलेली रयत शिक्षण संस्था टिकली ती मुष्टिफंडामुळे, गावोगावच्या श्रमदानामुळे आणि कमवून शिकणाऱ्या मुलांमुळे. घराघरातून मूठभर धान्य बाजूला निघायचं आणि गोळा होऊन वसतिगृहाच्या कोठीत यायचं. कोणी कुठल्या घरी जायचं, धान्य कुठे ठेवायचं, कोणी मोजायचं, अशी सगळी घडी बसल्याशिवाय असं काम वर्षानुवर्षं चालत नाही. आपण मंगळसूत्र लक्षात ठेवलं आणि ही घडी विसरलो.

त्यातून एक समज रुजला, की कार्यकर्त्यांनी पोटाला चिमटा घेतला की संस्था चालते. मग पत्रकावर अभिमानानं छापलं जातं, ‘तुमच्या देणगीतला एक पैसाही पगारावर खर्च होत नाही.’ माझ्या मते मोहीम फसते ती याच वाक्यापाशी, मग पैसे कितीही जमोत.

समजा, तालुक्याच्या गावी चाळीस मुलींचं वसतिगृह आहे. किराणा, भाजीपाला, गॅस, वह्या-पुस्तकं यांचा वर्षाचा खर्च ७ लाख २० हजार. त्याला चाळीसनं भागून पत्रकावर ‘एका मुलीसाठी १८ हजार’ असं येतं. पण रात्री मुलीला ताप आला तर तिला दवाखान्यात नेणाऱ्या अधीक्षिकेचा पगार त्यात नाही. दोन स्वयंपाकिणींचा नाही. घरभाडं, विजेचं बिल, हिशेबनिसाचं मानधन, लेखापरीक्षकाची फी, यांतलं काहीच नाही. हे सगळं मिळून आणखी ६ लाख होत असेल, तर एका मुलीचा खरा खर्च ३३ हजार येतो. चाळीसही मुलींसाठी दाते मिळाले, मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली, हारतुरे झाले, तरी संस्था ६ लाखांनी तुटीत राहते. ही तूट कुठून भरते? अधीक्षिकेचा पगार तीन महिने थकतो, ती नोकरी सोडते, आणि मुलींना सांभाळणारं माणूसच जातं. दात्याला मुलींचं भलं करायचं होतं. त्याला अर्धवट आकडा सांगून आपणच त्याच्या हातून ते अर्धवट करून घेतलं.

म्हणून मोहिमेची पहिली बैठक पत्रकाच्या मजकुरावर नको, या आकड्यावर हवी. ३३ हजार सांगायला विश्वस्तांना धीर होत नाही, हे खरं आहे. ‘लोक म्हणतील, इतके पगार?’ ही भीती प्रत्येक कार्यकारिणीत असते. पण त्या प्रश्नाचं उत्तर जिला नीट देता येत नाही, ती संस्था मागायला अजून तयार झालेली नाही.

कागदपत्रांचं काम त्या मानानं सोपं आहे, फक्त ते वेळेत करावं लागतं. जुने विश्वस्त वारले, नवे आले, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखलच झाला नाही, किंवा दाखल होऊन वर्षानुवर्षं पडून आहे, ही आपल्याकडची नित्याची स्थिती. मोठा दाता कागद मागतो आणि नोंदीवर दिवंगतांची नावं निघतात. दात्याला करसवलत मिळवून देणारी, आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखालची नोंदणीही २०२१ पासून कायमची राहिलेली नाही, तिचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. शिवाय नव्या करप्रणालीत ८०जी ची सवलतच मिळत नाही. ‘कर वाचवा’ या ओळीवर मोहीम उभी करण्याचे दिवस त्यामुळे सरत चालले आहेत. आता देणारा देईल तो कामावर विश्वास ठेवूनच.

हा विश्वास आधी घरात दिसावा लागतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा आधी स्वतःची पुंजी त्यात घातली आणि मग ते लोकांकडे गेले. विश्वस्तांनी दिलेली रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती शून्य असेल तर बाहेरच्या माणसाकडे कुठल्या तोंडानं मागायचं? रक्कम ऐपतीप्रमाणे ठरावी, पण सगळ्या विश्वस्तांची पावती पहिल्या दिवसाआधी फाडलेली असावी. आणि ज्यांनी मागे कधी दिलं होतं, त्यांना त्या पैशाचं काय झालं हे आधी कळवावं. पाच वर्षांत एक पत्र नाही आणि एकदम नवं आवाहन, हे देणाऱ्याला लागतं. तो तसं बोलून दाखवत नाही, फक्त पुन्हा देत नाही.

मोठ्या देणगीबरोबर अटी येतात, त्यांचाही विचार आधीच झालेला बरा. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं. त्या रकमेनं विद्यापीठ तगलं. नाव देण्यात काही वावगं नव्हतं. पण उद्या कोणी म्हणालं, ‘इमारत बांधून देतो, मात्र अमुक समाजाच्याच मुली ठेवा,’ तर? दाता समोर बसलेला असताना, चहा घेता घेता, अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं नसतं. काय घेणार नाही, याचा ठराव इतिवृत्तात आधीच हवा.

तसाच दुसरा ठराव, ज्याला बहुतेक संस्था अपशकुन समजून हात लावत नाहीत: निम्मीच रक्कम जमली तर काय? नव्या इमारतीसाठी ५० लाख मागितले आणि २५ लाखांवर मोहीम थांबली, तर एकच मजला बांधायचा, की पैसे मुदत ठेवीत ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा मागायचं, की देणाऱ्याला विचारून ते अधीक्षिकेच्या पगाराकडे वळवायचे? इमारतीसाठी दिलेला पैसा देणाऱ्याला न विचारता वळवता येत नाही. म्हणून हे तिन्ही पर्याय आवाहनाच्या पत्रकावरच छापावेत आणि प्रत्येकापुढे एक चौकट ठेवावी, म्हणजे देतानाच त्याला खूण करता येईल.