कुणाच्या पायांवर मोजलेला आकडा

केस पेपरवर इंटर्नने लिहिलं होतं : ‘बर्ग स्कोअर 31 वरून 36. लक्षणीय सुधारणा.’ खाली सही, आणि ‘लक्षणीय’ या शब्दाखाली ठसठशीत रेघ.

“लक्षणीय कशावरून?” मी विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. “डेटाबेसमध्येच आहे मॅडम. पाच गुण वाढायला हवेत. आजींचे पाच वाढलेत.”

पाच हा आकडा तिथे होता, खोटं काहीच नव्हतं. बर्गच्या तोलाच्या चाचणीत चौदा कृती. बसल्या जागेवरून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची चप्पल उचलणं, जागेवर पूर्ण गोल फिरणं, असं चढत्या क्रमाने अवघड होत जातं. प्रत्येकीला जास्तीत जास्त चार गुण, एकूण 56. पोरगा ज्या तक्त्याकडे बोट दाखवत होता तो आयर्लंडमधल्या वृद्धांवर झालेल्या 2009 च्या अभ्यासातला. त्यात पाचचा आकडा 35 ते 44 गुणांच्या माणसांसाठी आहे. 25 ते 34 मधल्यांसाठी तो सात आहे, आणि 45 च्या वर फक्त चार. आजींची सुरुवात 31 ला झालेली. म्हणजे सात हवे होते. पोरगा आजी जिथे पोचल्या ती ओळ वाचत होता, निघाल्या ती नाही. शिवाय तो तक्ता सर्वसाधारण वृद्धांचा. आजींना लकवा होऊन तीन महिने झालेले. लकव्याच्या रुग्णांचे आकडे त्याच पानावर आणखी खाली वेगळे दिलेले होते. तिथपर्यंत अंगठा गेलाच नव्हता.

मी रागावले नाही. त्याच्या वयात माझ्याकडे चुकीची ओळ वाचायलासुद्धा तक्ता नव्हता. आमच्याकडे असायची झेरॉक्सची झेरॉक्स, जिच्यात बर्गची अकरावी कृती हमखास पुसट. बाकी सगळं सरांच्या शब्दावर. शिकागोच्या पुनर्वसन रुग्णालयाने (आजचं शर्ली रायन अ‍ॅबिलिटीलॅब) 2010 मध्ये पोराच्या मोबाइलमधला हा मोजमापांचा संग्रह सुरू केला आणि सगळ्यांना फुकट खुला ठेवला. आज त्यात पाचशेच्या वर चाचण्या आहेत. प्रत्येकीला किती वेळ लागतो, सामान काय लागतं, पैसे पडतात का, कोणत्या आजारात ती किती भरवशाची, सगळं एका जागी. तालुक्याच्या गावी एकट्याने ओपीडी चालवणाऱ्या फिजिओला याचं मोल काय आहे ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसून कळायचं नाही. सिडनीहून 1999 पासून चालणारा ‘पेड्रो’ याच कुळातला, पण त्याचं काम वेगळं : कोणत्या उपचाराला किती पुरावा आहे ते तो सांगतो. आज बोलायचं आहे ते मोजमापाबद्दल.

माझी तक्रार संग्रहाबद्दल नाही, आपल्या वाचण्याबद्दल आहे. आपण तो पंचांगासारखा उघडतो, आणि पंचांगसुद्धा नीट वाचत नाही. पंचांगातला सूर्योदय एका गावाचा असतो. मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नसे. इथे मात्र शिकागोच्या पानावर दिसला की आकडा विश्वाचा होतो.

एक उदाहरण तिथेच सापडतं. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही अगदी साधी चाचणी. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. स्टॉपवॉच लावायचं. आता कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाची वेळ किती सेकंदांनी कमी झाली तर खरा बदल मानायचा? अमेरिकेतला 2008 चा अभ्यास सांगतो, 11 सेकंद. तैवानमधला 2011 चा अभ्यास सांगतो, साडेतीन. तीच चाचणी, तोच आजार, आणि फरक तिपटीचा. विद्यार्थी विचारतात, यातला बरोबर कोणता? दोन्ही बरोबर आहेत. हा आकडा चाचणीच्या अंगी नसतो. तो कोणाला, कोणी, किती दिवसांच्या अंतराने मोजलं यातून निघतो. उपचार न करता तीच माणसं पुन्हा चालवली तर वेळ किती इकडेतिकडे होते, ते बघायचं, त्या चुकीला साधारण पावणेतीनने गुणायचं, झाला किमान ओळखता येणारा बदल. कधी गोळीचा अंमल उतरलेला असतो, कधी पाय जागेवरच चिकटतो. त्या गटात अशी दोन-चार माणसं जास्त आली की आकडा फुगतो.

म्हणून मी पोरांना तक्ता उजवीकडून वाचायला सांगते. आधी माणसं बघा : वय काय, आजार कोणता, किती महिन्यांचा, घरी राहणारी की संस्थेत. आकडा शेवटी.

यावर माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, मग आकडे हवेतच कशाला? वीस वर्षं रुग्ण बघितल्यावर नजरेला कळतं. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण माझी स्वतःचीच नजर आहे. सहा आठवडे एखाद्या माणसामागे घाम गाळल्यावर मला सुधारणा दिसावीच असं वाटतं. मुलाला दिसावी वाटतं, त्याने रजा टाकलेली असते. रुग्णालाही वाटतं, कारण मॅडमना वाईट वाटायला नको. तिघांची इच्छा एका बाजूला झुकलेली असताना ‘सात हवेत, पाच झालेत’ असं कोरडेपणाने सांगणारं कोणीतरी खोलीत लागतंच. संग्रहाचं खरं काम हेच आहे, शंका घ्यायला शिकवणं. आपण त्याचा शिक्का करून टाकलाय.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती नीट वाचूनही सुटत नाही. बार्थेल निर्देशांक घ्या. 1965 पासून जगभर वापरात, दहा बाबी, शंभर गुण. जेवणाच्या बाबीत मदत लागते याचं उदाहरण काय दिलंय? कापून देणं, लोणी लावून देणं. कपड्यांच्या बाबीत स्वावलंबनाची खूण काय? बटणं, चेन, बुटाच्या नाड्या. आमच्या आजी नऊवारी नेसतात. त्यात बटण नाही, चेन नाही, पण एका हाताने कासोटा खोवून बघा. भाकरीला सुरी लागत नाही, पण डावा हात लुळा असेल तर ती मोडायची कशी? आजी सुनेकडून दुधात कुस्करून घेतात. याला दहापैकी दहा द्यायचे की पाच? आणि अंथरूण जमिनीवर असेल तर ‘पलंगावरून खुर्चीत’ या ओळीचं काय करायचं?

जमिनीवर बसून उठणं बर्गच्या चौदा कृतींत नाही. आपल्याकडे मात्र जेवण, पूजा, शौच, भाजी निवडणं, शेजारणीशी बोलणं, अर्धं आयुष्य त्या एका हालचालीवर उभं आहे. जयपूर फूट 1968 च्या सुमारास जन्माला आला तो याच खटक्यातून. बाहेरून आलेल्या कृत्रिम पायाने उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी चालता येईना. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पाय बदलला. मोजपट्टी बदलण्याचं काम तेवढ्या हौसेने कोणी घेतलं नाही. मोजपट्टीचे फोटो छापून येत नाहीत.

फॉर्मचं मराठी करणं सोपं आहे, दोन दुपारचं काम. पण मराठी केलेला फॉर्म म्हणजे मराठी माणसांवर तपासलेला फॉर्म नव्हे. त्यासाठी तीच माणसं दोनदा, दोन वेगळ्या हातांनी, उपचार न करता मोजावी लागतात. कंटाळवाणं काम आहे. यंत्र लागत नाही, अनुदान लागलंच पाहिजे असं नाही. लागतात ती परत यायला तयार असलेली माणसं, आणि एसटीचं भाडं त्यांच्या खिशातून जाऊ नये एवढी व्यवस्था.

आजींच्या केस पेपरवरचा ‘लक्षणीय’ मी खोडला. त्याखाली लिहिलं : ‘चुलीपाशी बसतात. उठताना भिंत लागते. गेल्या महिन्यात सून लागत होती.’ याला बर्गच्या किंवा बार्थेलच्या तक्त्यात ओळ नाही. इंटर्नने ते वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, हे मोजता येईल की.”

पुढच्या मंगळवारी त्याने ओपीडीच्या कोपऱ्यात जाजम अंथरलं. आजींना खाली बसवलं, मी मागे उभी राहिले, त्याने स्टॉपवॉच दाबलं. भिंतीला हात लावून आजी उठल्या. 19 सेकंद. त्याचा चेहरा खुलला. मग चहा झाला, अर्धा तास गेला, आणि त्याने पुन्हा बसवून उठवलं.

27.

“आता गं बाई,” आजी म्हणाल्या, “आणि एकदा उठू का?”